ब्याडगीच्या सुरकुत्या

वाचकाचं पत्र

ताई, मी पुण्यात एका छोट्या डिझाइन स्टुडिओत आठ वर्षं काम करते. माहेर इचलकरंजीचं. मसाले, पापड, लोणची, चहा यांची पाकिटं हे माझं मुख्य काम. दोन वर्षांपासून आमच्याकडे पद्धत अशी झाली आहे की काम आलं की आधी एआयवर वीस ऑप्शन काढायचे, त्यातले चार क्लायंटला पाठवायचे, तो निवडेल ते मी साफ करून द्यायचं. पूर्वी एका पाकिटावर माझे आठ-दहा दिवस जायचे. आता दोन दिवसांत तीन कामं हातावेगळी होतात. सर खूश आहेत. मला मात्र सकाळी लॅपटॉप उघडावासाच वाटत नाही. स्केचबुक गेल्या दिवाळीपासून कोरं आहे. मागच्या महिन्यात एका क्लायंटने तोंडावर विचारलं, 'हे तर माझा पुतण्या मोबाईलवर करतो, तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे?' मला उत्तर देता आलं नाही. माझ्यातली कला संपली का? हे क्षेत्र सोडावं का? घरचे म्हणतात, शाळेत चित्रकलेची शिक्षिका हो.

(नाव छापू नये), पुणे

उत्तर

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. तुझं पत्र आल्यापासून चार वेळा वाचलं. पुतण्याचा प्रश्न जिव्हारी लागला असेल, ते समजतं. पण माझी नजर दुसऱ्याच वाक्यावर अडकते आहे: 'तो निवडेल ते मी साफ करून द्यायचं.'

दुखतंय ते इथे. आठ वर्षांपूर्वी तू कामाच्या तोंडाशी उभी होतीस. पाकीट कसं असावं हा विचार तुझ्यापासून सुरू व्हायचा. आता तू कामाच्या शेपटाशी आहेस. दुसऱ्याने मांडलेलं, तिसऱ्याने निवडलेलं तुझ्याकडे येतं आणि तू त्याच्या कडा पुसून देतेस. यात कला संपण्याचा संबंध येतो कुठे? तिला बोलावणंच आलेलं नाही दोन वर्षांत.

मी १९८६ साली मुंबईत एका जाहिरात कंपनीच्या स्टुडिओत लागले, तेव्हा आमच्या टेबलावर ब्लेड, रबर सोल्यूशन, बटर पेपर आणि रोटरिंगची पेनं असत. मजकूर टाइपसेटरकडून ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, छापून यायचा आणि तो कापून चिकटवणं म्हणजे पेस्टअप. आमच्यात एक काका होते. मराठी मथळ्याचं ब्रोमाइड आलं की ते कागद उलटा धरायचे, डोकं खाली, पाय वर. मी विचारलं, असं का? म्हणाले, 'सरळ धरलं की आपण वाचायला लागतो. उलटं धरलं की अक्षरांमधलं पांढरं दिसतं.' मग ब्लेडने एकेक अक्षर सुटं करून केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचे. शिरोरेखा परत जुळवायचे आणि जोड दिसू द्यायचे नाहीत. अर्धा दिवस एका ओळीवर जायचा. पण ती ओळ वर्तमानपत्रात छापून आली की पानावरच्या इतर ओळींपेक्षा शांत दिसायची.

१९९३ मध्ये आमच्याकडे संगणक आले आणि दोन वर्षांत पेस्टअपची टेबलं गेली. काकाही गेले. त्यांना कुणी शिकवलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. तेव्हा ते चौपन्न वर्षांचे होते, मी एकोणतीसची. मला मशीनसमोर बसवलं यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, वय कमी होतं एवढंच. त्यामुळे 'तंत्रज्ञान येतं, जुनी कामं जातात, नवी येतात, घाबरू नकोस' असं मी तुला सांगणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक कसबी माणूस डबा उचलून घरी गेलाय. नवी कामं आली, ती त्याच्यासाठी आली नाहीत. तुझी भीती खोटी नाही, हे आधी मान्य करू आणि मग पुढे जाऊ.

पण त्याच काळातली दुसरी गोष्टही खरी आहे. र. कृ. जोशी हे नाव तुला कॉलेजात भेटलं असेल. कवी, सुलेखनकार, वर्षानुवर्षं जाहिरात क्षेत्रात आणि नंतर पवईच्या आयआयटीत शिकवणारे. बोरूने अक्षर काढणारा माणूस. संगणकावर भारतीय लिप्या येऊ लागल्या तेव्हा ते तिकडे पाठ फिरवून बसले नाहीत, थेट आत शिरले. विंडोजवर आपण इतकी वर्षं मराठी वाचली ते 'मंगल' अक्षर त्यांच्या हातचं. देवनागरीचं जोडाक्षर मशीनला कसं समजवायचं हे त्यांना ठरवता आलं, कारण ते अक्षर आधी हजारो वेळा त्यांच्या मनगटातून उतरलं होतं. यंत्र त्यांनी वापरलं, पण यंत्राला काय हवं ते सांगणारे तेच राहिले. तुझ्या स्टुडिओत सांगणारं कोण आहे? माझ्या मते सध्या कुणीच नाही, आणि तुझा सकाळचा कंटाळा तिथून येतो.

तुझ्यासाठी मी काल संध्याकाळी एक केलं. चित्रं काढून देणाऱ्या एका एआय साधनाला मराठीतच सांगितलं, कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट कर. अर्ध्या मिनिटात चार आली. पहिल्या नजरेत छान, अगदी मासिकात शोभतील अशी. मग चष्मा लावून बघत बसले. चारही पाकिटांवर मिरची गुळगुळीत, तुकतुकीत, मेण लावल्यासारखी, देठ हिरवागार. शेजारी लाकडी चमचा, मागे काळी फरशी. 'लसूण' मधला स एका ठिकाणी भ व्हायच्या बेतात आणि शिरोरेखा दोनदा तुटलेली.

मग मी स्वयंपाकघरातून ब्याडगीची पिशवी आणली आणि मूठभर मिरच्या वर्तमानपत्रावर ओतल्या. तू इचलकरंजीची आहेस, तुला हे सांगायला नको. ब्याडगी म्हणजे सुरकुत्या. लांब, आत वळलेली, एखाद्या म्हातारीच्या बोटासारखी. लाल म्हणावी तर काळसर, आणि उन्हाकडे धरली तर आतल्या बिया सावलीसारख्या दिसतात. तिखट कमी, रंग मात्र हाताला लागून राहतो. शेजारी संकेश्वरी ठेवली तर तिचा लाल वेगळा, तोरा वेगळा. तुझ्या आईने उन्हाळ्यात चटणी करताना (तुमच्याकडे मसाला कोण म्हणतं, चटणीच म्हणतात) कुठली मिरची किती घ्यायची यावर शेजारणीशी वाद घातला असणार. कांडप केंद्रावर रांगेत उभं राहून आपल्याच मिरच्या आपल्या डब्यात येतात ना, हे डोळ्यांत तेल घालून बघितलं असणार. तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला पदर आणि जिन्यापर्यंत ठसका.

त्या चार चित्रांत यातलं काही नाही. दुकानात पाकीट हातात घेणारी बाई ती तुकतुकीत मिरची बघते आणि तिला कळतं की हे आपल्याकडचं नाही. काय चुकलंय ते तिला सांगता येणार नाही, ती पाकीट परत ठेवेल आणि शेजारचं उचलेल. का ठेवलं ते मात्र तुला सांगता येईल. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, आणि तुला ते तेव्हा सुचलं नाही कारण त्या कामात तू तुझी मिरची आणलीच नव्हतीस. रागावू नकोस. त्या क्लायंटने जे पाहिलं ते खरोखरच मोबाईलवर होण्यासारखं होतं.

आता 'आधी वीस ऑप्शन' या पद्धतीबद्दल. डिझाइनच्या अभ्यासकांना हा दोष फार आधीपासून माहीत आहे. जॅन्सन आणि स्मिथ या दोघांनी १९९१ मध्ये एक प्रयोग छापला. डिझाइन करणाऱ्यांना न सांडणारा कॉफीचा कप करायला सांगितलं. काहींना आधी एक नमुना दाखवला, त्यात स्ट्रॉ होती, आणि बरोबर लेखी सूचना की स्ट्रॉ वापरू नका. तरीही नमुना पाहिलेल्यांच्या कपांत स्ट्रॉ डोकावत राहिली. डोळ्यांसमोर एक तयार चित्र आलं की मन त्याच्याच भोवती फिरतं, नको म्हटलं तरी. २०२४ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी हेच एआयच्या चित्रांबाबत तपासलं. साठ जण घेतले. ज्यांना चित्र काढून देणाऱ्या एआयची सोबत होती, ते दाखवलेल्या नमुन्याला जास्त चिकटले, त्यांच्या कल्पना कमी निघाल्या आणि एकमेकींसारख्या निघाल्या. वीस ऑप्शन दिसतात वीस, पण घर एकच असतं आणि खिडक्या वीस. तू रोज सकाळी त्या घरात शिरतेस आणि संध्याकाळी तुला वाटतं, मला काही सुचत नाही.

उमेदीबद्दलही एक गोष्ट सांगते. हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३८ नोकरदारांच्या रोजच्या नोंदी गोळा केल्या, जवळजवळ १२,०००. कुठल्या दिवशी माणूस कामावरून समाधानाने परतला, हे शोधायचं होतं. बक्षीस, शाबासकी, मुदत या सगळ्यांच्या वर निघालं ते एवढंच: ज्या कामाला आपण किंमत देतो, त्यात त्या दिवशी आपण थोडं तरी पुढे सरकलो. तू म्हणशील, दोन दिवसांत तीन कामं म्हणजे सरकणंच की. कामं सरकली गं. तू कुठे सरकलीस? आठ दिवस एका पाकिटाशी झटताना तुला आठव्या दिवशी जे कळायचं ते पहिल्या दिवशी माहीत नसायचं. ते कळणं थांबलं आहे.

म्हणून माझं सांगणं हे. एआय बंद कर असं म्हणणार नाही, स्टुडिओ तुझा नाही आणि हट्टाला पगार मिळत नाही. क्रम बदल. पुढचं एकच काम धर, सगळी नकोत. त्याचा पहिला दिवस तुझा, कागदावर, पडद्याशिवाय. सरांकडे मागताना 'मला एआय आवडत नाही' असं बोलू नकोस, ते तक्रार वाटतं. म्हण, 'सर, या एका कामात एक दिवस आधी मला द्या, मग हवे तेवढे ऑप्शन काढते, आणि करेक्शनच्या फेऱ्या मोजू.' गेल्या सहा महिन्यांत कुठल्या पाकिटाच्या किती फेऱ्या झाल्या ते मेलमधून आधी काढून ठेव. मला खात्रीने वाटतं की दोन दिवसांत झालेलं काम पुढे तीन आठवडे 'जरा लाल कमी करा, जरा गावरान करा' यात रेंगाळत असणार. क्लायंटने निवडलं ते चित्र, त्यामागचं कारण कुणाकडेच नसतं, मग तो अंदाजाने बदल सुचवत राहतो. ही फेऱ्यांची यादी तुझी बाजू तुझ्यापेक्षा चांगली मांडेल.

त्या पहिल्या दिवशी स्टुडिओत बसू नकोस. किराणा दुकानात जा, मॉलमध्ये नको, गल्लीतल्या दुकानात. तासभर उभी राहा. पाकीट सरळ उभं राहतं की माळेत लटकतं? लटकत असेल तर वरचा भाग क्लिपमागे जातो, आणि तू तिथेच नाव टाकतेस. लोक नाव घेऊन मागतात की 'तो लाल पुडा द्या' म्हणतात? लाल पुडा म्हणत असतील तर तो लाल हीच त्या मालाची ओळख आहे, त्याला हात लावताना दहा वेळा विचार कर. दुकानदाराला विचार, परत काय येतं. मग शक्य असेल तर जिथे माल बनतो तिथे जा. वहीत लिही, काढ, तिखटाची बोटं लागली तर लागू देत. दुसऱ्या दिवशी एआय उघडशील तेव्हा त्याला सांगायला तुझ्याकडे काहीतरी असेल. 'सुरकुतलेली, आत वळलेली, काळसर लाल, देठ काढलेली' असं सांगितल्यावर येणारं चित्र आणि 'कोल्हापुरी मसाला' म्हटल्यावर येणारं चित्र यांत केवढा फरक पडतो ते बघ. तरीही ते अपुरंच वाटेल. मग खरी मिरची खिडकीशी ठेवून फोटो काढ. एका तासाचं काम आहे.

आणि हमाली मात्र खुशाल मशीनला दे. तेच डिझाइन पन्नास ग्रॅम, शंभर, अर्धा किलो अशा मापांत बसवणं, फोटोमागची पार्श्वभूमी उडवणं, क्लायंटला दाखवायला पाकीट फळीवर ठेवलेलं चित्र. या कामांत मी आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली आणि त्यातला एकही तास मला परत नको आहे.

तुला जे येतं त्याची तुला किंमत कळेनाशी झाली आहे, म्हणून दोन गोष्टी आठवण करून देते. पाऊचला वर-खाली सील बसतं, त्या पट्टीत मजकूर गेला की वितळून चुरगळतो. ग्रॅव्हुअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून, छापायचं तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, म्हणजे एक रंग वाचवला की छोट्या उत्पादकाचे खरे पैसे वाचतात. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक, चौकोनातला हिरवा ठिपका, वजन, किंमत यांना जागा सोडावीच लागते, शेवटी कोंबून चालत नाही. हे तुला झोपेत येतं. पुतण्याच्या मोबाईलमधलं चित्र छापखान्यात पोचलं की तिथला माणूस पहिल्यांदा हेच विचारेल.

दुसरी गोष्ट भाषेची. मागे एका मसाल्याच्या पाकिटावर 'आचाऱ्यांच्या पसंतीचा' असं हवं होतं आणि छापून आलं 'आचार्यांच्या पसंतीचा'. स्वयंपाक्यांचे गुरुजी झाले. तो अर्धा र, ज्याची नुसती भुवईसारखी रेघ असते, तो मराठीत आहे आणि तो गेला की अर्थ जातो. ते प्रूफ मीच पाहिलं होतं, त्यामुळे विसरता येत नाही. ल आणि श यांचंही तेच. पाकळीचा ल, देठाचा श ही आपली वळणं, राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबाबत काढलेल्या निर्णयातही हीच धरली आहेत. चांगल्या फॉन्टांमध्ये ती आत असतात, मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की बाहेर येतात. बहुतेक जण निवडतच नाहीत. दुकानातल्या फळीवर नजर टाक, अर्ध्या पाकिटांवर आपली भाषा उसन्या कपड्यांत उभी असते. मला याचं फार वाईट वाटतं. तुझ्यासारख्या मुलीने एकेका पाकिटावर तरी ते नीट केलं तर ती छोटी गोष्ट नाही. आईला पाकीट वाचताना अडखळायला होत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण फरक पडतो.

मग पुढच्या वेळी पैसे कशाचे असं कुणी विचारलं तर आवाज न चढवता सांग: 'चित्राचे नाहीत. तुमचं गिऱ्हाईक दुकानात काय म्हणून मागतं ते मी बघून आले, मजकूर सीलमध्ये जाणार नाही आणि मराठी चुकणार नाही, याचे.' आणि हे बोलण्याआधी ते खरोखर केलेलं असू दे. तरीही काही जण पुतण्याकडेच जातील. जाऊ देत. ज्यांना तुझा वेळ महाग वाटेल अशी गिऱ्हाइकं असतातच, सगळी धरून ठेवायला गेलीस तर दोन दिवसांत तीनची पाच कामं होतील.

शाळेचं म्हणशील तर, मुलांना शिकवणं हे हरलेल्या माणसाने जाऊन बसायचं ठिकाण नाही. मुलांना ते लगेच कळतं. तुला शिकवायची ओढ असेल तर जरूर जा, एखाद्या शाळेत महिन्यातून एक शनिवार चित्रकलेचा तास घेऊन बघ, मग ठरव. इथून पळायचं म्हणून जाऊ नकोस. आणि सरांनी एक दिवस द्यायलाही नकार दिला, दोनदा-तीनदा दिला, तर दुसरा स्टुडिओ शोध. क्षेत्र सोडायचा निर्णय तेव्हाही नको. आठ वर्षांच्या अनुभवाला एक जागा नकार देते म्हणजे सगळं क्षेत्र देतं असं नाही.

एक विचारते, आणि खरं उत्तर स्वतःला दे. कंटाळा फक्त लॅपटॉपपुरता आहे का? झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं यांतलाही रस दोन-तीन आठवडे गेलेला असेल तर हा नुसता कामाचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेट. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. त्यात लाजायचं काही नाही.

राहता राहिलं स्केचबुक. ते कोरं आहे कारण ते फार चांगलं आहे. जाड कागदाचं, कापडी पुठ्ठ्याचं असणार, त्यात काही वाईट काढायला हात धजत नाही. ते कपाटात ठेव. वाण्याच्या बिलामागे, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काढ. मी अजून तिथेच काढते.

उन्हाळ्यात इचलकरंजीला जाशीलच. आई मिरच्यांची देठं काढायला बसेल तेव्हा तिच्याजवळ बस, चार किलोंची देठं काढ, आणि उठताना त्यातली एक मिरची उचलून पेन्सिलने काढ. सगळ्या सुरकुत्यांसकट. रंगवू नकोस, फोटो काढून सुधारू नकोस. जशी येईल तशी मला पाकिटात घालून पाठव, पत्ता सदराच्या खाली आहे.